नवव्या दिवशी लिम्फोसाइट ४२ टक्के: जिवाणूचा संसर्ग उतरून विषाणूचा सुरू झाला का?

सायंप्रकाश

लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमात सरावासाठी एका प्रौढ रुग्णाचे तीन सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट) दिले आहेत. निदान जिवाणूमुळे झालेला न्यूमोनिया, पहिल्या दिवशी रक्त घेतल्यावर अँटिबायोटिक सुरू. टोटल काउंट म्हणजे मायक्रोलिटरमागे एकूण पांढऱ्या पेशी, बाकीचे आकडे त्यांच्या प्रकारांचे टक्के. आकडे असे:

पहिला दिवस: टोटल काउंट १६,२००. न्यूट्रोफिल ८६, लिम्फोसाइट ९, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ०.
चौथा दिवस: टोटल ११,०००. न्यूट्रोफिल ७०, लिम्फोसाइट २०, मोनोसाइट ९, इओसिनोफिल १.
नववा दिवस: टोटल ६,०००. न्यूट्रोफिल ४८, लिम्फोसाइट ४२, मोनोसाइट ६, इओसिनोफिल ४.

‘न्यूट्रोफिल वाढले तर जिवाणू, लिम्फोसाइट वाढले तर विषाणू’ हा ठोकताळा लावला तर नवव्या दिवशी विषाणूचा नवा संसर्ग म्हणावा लागेल. उत्तरसूचीत मात्र ‘बरा होत आलेला जिवाणू संसर्ग, नवीन काही नाही’ एवढीच ओळ आहे. कारण दिलेलं नाही. या नऊ दिवसांत पेशींच्या पातळीवर काय काय होतं आणि ते या आकड्यांत कुठे दिसतं, हे कुणी उलगडून सांगाल का?

मज्जा

उत्तरसूची बरोबर आहे. आधी गुणाकार करा, मग जीवशास्त्राकडे वळा.

टोटल काउंटला टक्क्यांनी गुणून शंभराने भागायचं. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल येतात १३,९३२ आणि लिम्फोसाइट १,४५८. नवव्या दिवशी न्यूट्रोफिल २,८८० आणि लिम्फोसाइट २,५२०. प्रौढांमध्ये मायक्रोलिटरमागे साधारण १,००० ते ४,००० लिम्फोसाइट असतात. म्हणजे तुम्हाला कमी वाटलेले ९ टक्केही हद्दीत आहेत आणि जास्त वाटलेले ४२ टक्केही. टक्का हा नुसता वाटा असतो. न्यूट्रोफिलचा वाटा फुगला की बाकीच्यांचा आपोआप आक्रसतो. १,४५८ आणि २,५२० यांत फरक आहेच, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे कुणीतरी सांगेलच.

आता पेशींचं. सिरिंजमध्ये येतं ते रस्त्यावरचं दृश्य. न्यूट्रोफिल तयार होतात हाडांतल्या मज्जेत, काम करतात ऊतीत, आणि रक्त हा त्यांच्या दोन ठिकाणांमधला काही तासांचा प्रवास. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते. मायलोब्लास्ट या सुरुवातीच्या अवस्थेपासून मायलोसाइटपर्यंत पेशी विभागत राहतात. मेटामायलोसाइटपासून विभाजन थांबतं, केंद्रक आधी वाकतं, मग पट्टीसारखं होतं (अशी अर्धवट तयार पेशी म्हणजे बँड), मग त्याचे खंड पडतात. हा शेवटचा टप्पा पाच-सहा दिवसांचा, आणि तोवर पेशी मज्जेतच थांबलेली असते. हा साठा रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय रक्तवाहिन्यांत असलेल्यांपैकी जवळपास निम्मे न्यूट्रोफिल भिंतींना, विशेषतः फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्यांना, टेकून असतात. सुईत ते येत नाहीत.

फुप्फुसाच्या वायुकोशात जिवाणू पोचला की तिथलाच मॅक्रोफेज (जंतू गिळणारी पेशी) त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतो आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८ असे संदेश सोडतो. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवतात. वाहत जाणारा न्यूट्रोफिल त्यांना अडकत-सुटत घरंगळायला लागतो, त्याचा वेग घटतो. मग इंटिग्रिनची पकड घट्ट बसते, पेशी चपटी होते आणि अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून बाहेर सरकते. पहिल्या काही तासांतच ऊतीत न्यूट्रोफिल जमू लागतात आणि पहिले एक-दोन दिवस तिथे त्यांचंच राज्य असतं.

तिथे पोचून तो काय करतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जिवाणूला तो वेढतो, पोटात घेतो, आणि त्या पिशवीत आपल्या कणांतला ऐवज ओततो. पिशवीच्या पडद्यावरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि मायलोपेरॉक्सिडेज त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. ब्लीचचं काम ज्या रसायनावर चालतं तेच हे. मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम मुळात हिरवं असतं; पुवाला हिरवट छटा येते त्याला हेही एक कारण. ऑक्सिडेजमध्ये जन्मजात दोष असेल तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो. त्यात न्यूट्रोफिल भरपूर असतात, जिवाणूपर्यंत पोचतात, त्याला गिळतातही, पण मारू शकत नाहीत, आणि मूल पुन्हा पुन्हा गळवांनी आजारी पडतं. सीबीसीत यातलं काहीही दिसत नाही. काउंट चांगला म्हणजे पेशी काम करते असं धरून चालू नका.

इकडे तेच संदेश दूरवर पोचतात. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवायला लावतं. सीआरपी सहा ते बारा तासांत चढू लागतो आणि साधारण दोन दिवसांनी शिखर गाठतो. जी-सीएसएफ हा संदेश मज्जेचं दार उघडतो. साठ्यातले तयार न्यूट्रोफिल आधी निघतात, मागणी चालूच राहिली तर बँडही निघतात, त्याहून तीव्र असेल तर मेटामायलोसाइट. यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणतात. तुमचा पहिल्या दिवसाचा आकडा म्हणजे हे दार उघडलेलं.

चौथ्या दिवशी मोनोसाइट ९९० आहेत, तेही उगीच नाहीत. मोनोसाइट न्यूट्रोफिलच्या मागून, साधारण दुसऱ्या दिवसापासून ऊतीत शिरतात, मॅक्रोफेज होतात आणि मेलेले न्यूट्रोफिल खाऊन जागा साफ करतात. मेलेला न्यूट्रोफिल गिळला की मॅक्रोफेजचे संदेशच बदलतात, ‘आणखी पाठवा’ऐवजी ‘आता भरून काढा’. जी-सीएसएफ उतरतो, दार मिटतं, आणि नवव्या दिवशी तुम्हाला २,८८० दिसतात.

पेशीपुराण

‘मज्जा’ यांनी अर्धवट सोडलेल्या १,४५८ आणि २,५२० या फरकापासून सुरुवात करू.

तीव्र आजारात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं. त्यामुळे लिम्फोसाइट रक्तातून मज्जेकडे आणि गाठींकडे सरकतात, आणि इओसिनोफिल तर जवळपास नाहीसे होतात. पहिल्या दिवशीचा शून्य त्यातूनच आलाय. आजार उतरू लागला की इओसिनोफिल परततात. वॉर्डात अनुभवी डॉक्टर हे चांगलं लक्षण मानतात. तुमच्या तीन रिपोर्टांत ते ०, ११०, २४० असे आलेत. ठोकताळ्यापेक्षा हा धागा जास्त खरं बोलतो.

आता लिम्फोसाइटचं मूळ काम. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीचे लसिकाग्रंथी, प्लीहा, मज्जा आणि आतड्याच्या अस्तरात. त्यामुळे खरा प्रतिसाद सीबीसीच्या नजरेआड घडतो. डेंड्रायटिक पेशी (ऊतीतली पहारेकरी) जिवाणूचे तुकडे घेऊन जवळच्या ग्रंथीत जाते. त्या विशिष्ट तुकड्याशी जुळणारा ग्राही असलेली टी पेशी लाखात एक, कित्येकदा त्याहूनही विरळ. ती सापडायला वेळ लागतो, सापडल्यावर पहिल्या विभाजनाला जवळपास एक दिवस, आणि मग मात्र काही तासांनी दुप्पट होत जाते. आठवड्याभरात एका पेशीच्या हजारो होतात. मदतनीस टी पेशींच्या साथीने बी पेशीही विभागतात, त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन प्रतिपिंडं सोडू लागतात, आधी आयजीएम, मग आयजीजी. पहिल्यांदाच भेटलेल्या जंतूविरुद्ध आयजीएम रक्तात मोजता येण्याजोगं व्हायला पाच-सात दिवस जातात.

लॅबमध्ये बसलेल्याने हे विसरू नये. तापाच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेली डेंग्यूची आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली तर डेंग्यू नाही असा अर्थ होत नाही. गाठीत विभाजन नुकतंच सुरू झालेलं असतं. पहिल्या काही दिवसांत एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन शोधायचं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम. चाचणी तीच, नळी तीच, फक्त दिवस चुकला की उत्तर चुकतं.

संसर्ग आवरला की वाढलेल्या टी पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ठरवून मरतात. उरतात त्या स्मृतिपेशी. पुढच्या वेळी जुळणाऱ्या पेशी संख्येने जास्त असतात, त्यांना चेतवायला कमी पुरतं, आणि प्रतिपिंडं थेट आयजीजी स्वरूपात दोन-चार दिवसांत वर जातात.

ठोकताळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो शिकवणंच बंद व्हायला हवं. उलटी उदाहरणं अगदी नेहमीच्या आजारांतली आहेत. टायफॉइड जिवाणूचा, पण टोटल काउंट बहुधा कमी किंवा नॉर्मल, इओसिनोफिल बहुधा गायब. डांग्या खोकलाही जिवाणूचाच, आणि लहान मुलांत लिम्फोसाइट प्रचंड वाढतात. कारण त्या जिवाणूचं विष लिम्फोसाइटना रक्तातून ग्रंथीत शिरूच देत नाही. त्या पेशी नव्याने बनलेल्या असण्यापेक्षा रस्त्यातच अडकलेल्या जास्त. कोविडच्या गंभीर रुग्णांत लिम्फोसाइट उलट घटलेले होते, आणि तो विषाणू. मुलांचा रिपोर्ट वाचताना आणखी एक: चार-पाच वर्षांपर्यंतच्या निरोगी मुलात लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणंच नॉर्मल.

एक पेशी मात्र स्लाइडवर जरूर पाहून ठेवा. एपस्टीन-बार विषाणूच्या मोनोन्यूक्लिओसिसमध्ये मोठाले, भरपूर पेशीद्रव असलेले लिम्फोसाइट दिसतात. त्यांची कड गडद निळी असते आणि शेजारच्या लाल पेशींना टेकली की तिथे आत दबते, जणू ओल्या कापडावर वाटी ठेवली आहे. पुष्कळांना वाटतं याच विषाणू शिरलेल्या पेशी. विषाणू राहतो बी पेशींत; दिसणाऱ्या त्या बहुतांशी सीडी-८ (मारक) टी पेशी, त्या बी पेशींना मारायला वाढलेल्या. टी पेशींचं दुप्पट-चौपट होणं रक्तात उघड्या डोळ्यांनी दिसतं अशा मोजक्या आजारांपैकी हा एक.

सायंप्रकाश

गुणाकार आधी करायला हवा होता, हे पटलं. त्याच सराव-संचात आणखी दोन रिपोर्ट आहेत. एकात रुग्णाला दम्यासाठी कालपासून स्टेरॉइड सुरू, ताप नाही, टोटल १५,०००, न्यूट्रोफिल ८८. दुसऱ्यात तीव्र ताप, रक्तदाब खालावलेला, आणि टोटल फक्त २,१००, न्यूट्रोफिल २०, बँड १८. दुसऱ्याच्या उत्तरात न्यूमोनियाच्या ‘पहिल्या’ रुग्णापेक्षा ‘अधिक गंभीर संसर्ग’ असं लिहिलंय. काउंट इतका कमी असताना?

मज्जा

स्टेरॉइडवाला आधी, कारण तो सोपा. स्टेरॉइड मज्जेतून न्यूट्रोफिल सोडवतं, भिंतीला टेकलेल्यांना प्रवाहात उतरवतं आणि ऊतीत जाण्याचा त्यांचा मार्ग अडवतं. डोस दिल्यावर काही तासांतच काउंट चढतो. रस्त्यावर गर्दी, मुक्कामावर माणसं कमी, अशी ही अवस्था. म्हणून आकडा मोठा असूनही संसर्गाचा धोका वाढलेला असतो. बँड सहसा वाढत नाहीत, विषारी कणही (तीव्र संसर्गात न्यूट्रोफिलमध्ये दिसणारे गडद कण) दिसत नाहीत, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल खाली जातात. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णात बँड १० टक्क्यांपुढे गेले तर ते स्टेरॉइडच्या माथी मारू नका, संसर्ग शोधायला सांगा.

दुसरा रिपोर्ट मात्र काळजी वाटावी असा आहे. बँडही न्यूट्रोफिलमध्येच धरायचे: २० अधिक १८ म्हणजे ३८ टक्के, २,१०० चे ३८ टक्के ७९८. ऊतीत खप इतका की मज्जेचा साठा संपत आलाय, आणि उरलेसुरले अर्धवट तयार बँड बाहेर पडताहेत. कमी काउंट आणि न्यूट्रोफिलमध्ये जवळपास निम्मे बँड, ही जोडी न्यूमोनियाच्या रुग्णाच्या १६,२०० पेक्षा वाईट. नवजात बाळं, वयस्क माणसं आणि मज्जा आधीच थकलेले रुग्ण यांत हे लवकर घडतं, कारण साठाच लहान असतो.

यालाच लागून एक धोक्याची रेषा पाठ असू द्या. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि तोंडाने घेतलेला ताप एकदा जरी ३८.३ अंश सेल्सियस, किंवा तासभर ३८ अंशांवर टिकलेला, तर ही तातडीची अवस्था आहे. कल्चरसाठी रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत हे दिसतं. इथे पू होत नाही, सूज-लाली फारशी दिसत नाही, छातीचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छही असू शकतो, कारण ही सगळी चिन्हं न्यूट्रोफिलच निर्माण करतात. उरतो फक्त ताप. असा आकडा मशीनवर दिसला की रिपोर्ट छापून होण्याची वाट पाहू नका. थेट वॉर्डला फोन करा, आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते नोंदवा.

भिंगवाला

वरचं सगळं मान्य. पण ज्या आकड्यांवर हा डोलारा उभा आहे ते कितपत घट्ट आहेत, हेही बघा.

हाताने १०० पेशी मोजून डिफरन्शियल (प्रकारवार टक्के) दिलं असेल तर १० टक्के आलेल्या पेशीचं खरं प्रमाण ४ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. १०० पेशींत शून्य सापडले तरी खरं प्रमाण ३-४ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तेव्हा पहिल्या दिवशीचं शून्य आणि चौथ्या दिवशीचं एक यांतल्या फरकावर पेशीपुराण यांच्याइतका भरवसा मी ठेवणार नाही. मशीन हजारो पेशी मोजतं, त्याच्या आकड्यावर ठेवेन. हाताने मोजायचंच तर २०० पेशी मोजा. कमी काउंटच्या रुग्णात तर नक्कीच.

कुठे मोजता तेही बघा. पसरलेल्या थेंबाच्या पातळ टोकाला आणि कडांना मोठ्या पेशी ओढल्या जातात, लिम्फोसाइट मध्यभागी राहतात. नुसत्या कडेने फिरलात तर न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट फुकटचे वाढतील. लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यात, कडेपासून आत आणि पुन्हा कडेकडे, अशा नागमोडी वाटेने जायचं.

ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीतलं रक्त तीन-चार तासांहून जास्त पडून राहिलं की न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या दिसू लागतात. संसर्गातल्या विषारी पोकळ्यांसारख्याच त्या दिसतात, आणि यामुळे चुकीचे रिपोर्ट जातात. स्लाइड ताज्या रक्ताची करा. विषारी कण म्हणायच्या आधी आजूबाजूला पाहा: सगळ्याच पेशी गडद दिसत असतील तर रंग जास्त वेळ राहिलाय. खरे विषारी कण काही न्यूट्रोफिलमध्ये दाट, काहींत नाहीत असे असतात, आणि सोबत पेशीद्रवात फिकट निळे डोलेचे ठिपके सापडले तर शंका उरत नाही.

बँड हा तर वादाचाच विषय. केंद्रकाच्या दोन खंडांमध्ये नुसता धागा उरला असेल तर ती पूर्ण वाढलेली पेशी, पट्टी उरली असेल तर बँड. धागा की पट्टी यावर दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. नवी मशीन ‘इमॅच्युअर ग्रॅन्युलोसाइट’ असा टक्का देतात. तो बँडचा समजू नका, त्यात प्रोमायलोसाइट, मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट येतात, बँड येत नाहीत.

आणि गंभीर आजारात केंद्रक असलेल्या लाल पेशी रक्तात आल्या तर काही मशीन त्यांनाही पांढऱ्यांत मोजतात. १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २५ दिसल्या आणि टोटल २०,००० असेल तर २०,००० ला १०० ने गुणून १२५ ने भागायचं. खरा काउंट १६,०००.

सायंप्रकाश

चौथ्या दिवसाचे काढले: न्यूट्रोफिल ७,७००, लिम्फोसाइट २,२००, मोनोसाइट ९९०, इओसिनोफिल ११०. मग नवव्या दिवसाच्या रिपोर्टखाली शेरा काय लिहायचा? ‘रिलेटिव्ह लिम्फोसायटोसिस’ (म्हणजे फक्त टक्क्याने वाढलेले लिम्फोसाइट) चालेल?

भिंगवाला

आकडे बरोबर. तो शब्द लिहू नका. वाचणारा फक्त दुसरा अर्धा वाचेल आणि तुम्ही पडलात त्याच गोंधळात पडेल. चारही पेशींचे प्रत्यक्ष आकडे टक्क्यांशेजारी छापा, त्याखाली पहिल्या दिवसाचे आकडे तारखेसह ठेवा, आणि शेरा: ‘पांढऱ्या पेशींची संख्या व प्रकार नॉर्मल मर्यादेत. आधीच्या तुलनेत न्यूट्रोफिल उतरलेले. बँड, विषारी कण, असामान्य लिम्फोसाइट आढळले नाहीत.’ शेवटचं वाक्य अर्थात स्लाइड स्वतः पाहिली असेल तरच.